तपासणाऱ्याचा चौकोन

मोहितने मोबाइलवरचे चित्र दोन बोटांनी मोठे केले, उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत सरकवले आणि चहाच्या कपांवरून हात लांब करून माझ्यासमोर धरले. "नाना, इथे तुमची सही नाही. बरोबर?" मी चष्मा वर ढकलून पाहिले. प्रत्येक रेखाचित्राच्या कोपऱ्यात असतो तसा चार ओळींचा लहान तक्ता होता. पहिल्या ओळीत कामाचे नाव. दुसरीत 'काढले' आणि पुढे समरजीतची आखूड सही. तिसरीत 'तपासले' आणि पुढे कोरा चौकोन. चौथीत मागच्या ऑगस्टमधली तारीख. "नाही," मी म्हणालो. मोहितने पोह्यांची बशी जवळ ओढली. दोन दिवसांत तो प्रथमच नीट खात होता, आणि खाताना त्याचा उजवा खांदा लहानपणी व्हायचा तसा किंचित तिरका झाला होता. ओट्यापाशी उभी असलेली माझी बायको उषा म्हणाली, "मी सांगत नव्हते? यांची सही कोणाला इतक्या सहजी मिळते का. बँकेचा एक फॉर्म, तीन दिवस टेबलावर पडून असतो. आधी वाचणार, मग शेजारच्यांचा वाचणार." मोहित हसला. मीही हसलो असेन. माझे उत्तर खरे होते. चौकोनात माझी सही नव्हती, आणि ते सांगायला मला कोणतीही खटपट करावी लागली नव्हती. तरी कपाचा कान धरताना माझी बोटे जड झाली, जणू कोणी मला सकाळपासून लोखंडी पट्ट्या उचलायला लावल्या होत्या.

घडले होते ते असे. परवा शहराबाहेरच्या एका भाड्याच्या खोलीत पोलिसांनी धाड घातली. तिथे कोर्ट फीची बनावट तिकिटे सापडली, गठ्ठ्यांनी. छापायचे सामान सापडले. आणि तिकिटांच्या कडेला बारीक भोकांच्या रांगा पाडणारे, हाताने दाबून चालवायचे एक यंत्र सापडले. ज्याची खोली, त्याने यंत्र बिर्लानगरातल्या समरजीतच्या वर्कशॉपमध्ये बनवून घेतल्याचे सांगितले. समरजीत माझा विद्यार्थी. त्याचे वर्कशॉप म्हणजे दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि पत्र्याचे छप्पर. तिथली सगळी रेखाचित्रे तपासायला माझ्याकडे येतात, गेली सोळा वर्षे. पोलिसांनी त्याला त्याच संध्याकाळी नेले आणि रेखाचित्रांची बाडेही नेली. माझा मुलगा मोहित वकील आहे, जयेंद्रगंजात त्याचे ऑफिस आहे. त्यामुळे बातमी आमच्या हरिशंकरपुरमच्या घरी वर्तमानपत्राच्या आधी पोचली. समरजीतची केस मात्र त्याने ओळखीच्या दुसऱ्या वकिलाकडे दिली होती.

"कलम एकशे एक्याऐंशी," मोहित सांगत होता. "नव्या न्याय संहितेत नाणी, नोटा, सरकारी तिकिटं, सगळं एका रांगेत आणून ठेवलंय. छापणारा तर गुन्हेगार आहेच, पण छापण्याचं हत्यार करून देणाराही तितकाच. जन्मठेप, नाहीतर दहा वर्षांपर्यंत."

"आणि आपण कशाचं हत्यार करतोय हे त्याला माहीत नसलं तर?"

"तर सुटला. सगळं त्याच्यावरच अडलंय. 'माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना', असं आहे कलमात. समरजीत म्हणतो, गिऱ्हाइकाने मेळ्यातल्या पाळण्यांची कुपनं फाडायला म्हणून यंत्र मागितलं होतं. हे चाललंही असतं, नाना. पण ही दुरुस्ती बघा." चित्र पुन्हा सरकले. पिनांच्या रांगेवर आधी '१.५' असा आकडा होता. तो एका तिरक्या रेघेने खोडून वर पेन्सिलीने '१.५४' लिहिले होते. "दीड मिलिमीटर गिऱ्हाइकाने अंदाजाने सांगितलं असेल. एक पॉइंट चौपन्न अंदाजाने येत नाही. खऱ्या तिकिटाच्या भोकांतलं अंतर तेवढंच निघालंय. म्हणजे ज्याने हे लिहिलं त्याने खरं तिकीट समोर ठेवून मोजलं. त्याला माहीत होतं. आणि हा गाढव ती दुरुस्ती आपलीच म्हणून कबूल करून बसलाय. अक्षरही त्याचंच आहे म्हणा, सरकारी तज्ज्ञानेही तेच सांगितलंय."

अक्षर त्याचे नव्हते. ते माझे होते.

मोहित गेला, उषा आंघोळीला गेली, आणि मी टेबलावरून उठलो नाही. समोरच्या भिंतीवर उन्हाचा एक चौकोन होता, तो कॅलेंडरपर्यंत सरकेपर्यंत मी तसाच बसलो. एकोणीसशे एकाहत्तर साली मी तंत्रनिकेतनात गेलो तेव्हा ड्रॉइंगच्या मास्तरांनी आम्हाला तीन महिने एकही यंत्र काढू दिले नाही. फक्त आकडे. शून्य ते नऊ, दोन बारीक रेघांच्या मध्ये, सगळे एका उंचीचे, एका जाडीचे, किंचितही न कलणारे. माझा चार त्या वेळी डोक्यावर मिटायचा, कारण वडील तसा लिहीत. वडील संस्थानच्या पागेतल्या हिशेबांवर नेमलेले शेवटचे कारकून, त्यांच्या अक्षराला वळण होते, आणि ते माझ्या हातात न शिकवता उतरले होते. मास्तरांनी तो चार लाल पेन्सिलीने दोनशे वेळा खोडला. ते म्हणत, अक्षरातून माणूस दिसता कामा नये. मिस्त्रीने आकडा वाचायचा असतो, तुम्हाला वाचायचे नसते. तीन महिन्यांनंतर आमच्या वर्गातल्या बत्तीस मुलांचे कागद एकत्र केले तर कोणाचा कोणता ते सांगता येत नव्हते, आणि आम्हाला त्याचा अभिमान वाटत होता. हेच मी समरजीतला शिकवले. तो बारा-तेरा वर्षांचा असताना शाळा सुटल्यावर सायकलने यायचा, त्याचा सात पोटात मोडायचा, तो मी सरळ केला. तीन महिन्यांऐवजी त्याला पाच लागले. पण नंतर त्याचे आणि माझे आकडे असे जुळले, की काही वेळा जुना कागद काढल्यावर मलाच तारीख पाहावी लागायची. आता सरकारी तज्ज्ञाने भिंग लावून ते अक्षर समरजीतचे ठरवले होते. त्याने चूक केली असे मी म्हणू शकत नाही. मी पन्नास वर्षे खपून जे पुसून टाकले, ते त्याला कुठून सापडणार?

ऑगस्टमधली ती दुपार मला क्रमाने आठवते. न आठवण्याची सोय नाही. समरजीत अडीच वाजता आला, अंगावर पावसाचा ओला वास, बगलेत गुंडाळी. "नाना, हे जरा बघून टाका. ॲडव्हान्स पण दिलाय पार्टीने. मेळ्याच्या कुपनांचं काम आहे." त्याचे वर्कशॉप त्या वर्षी जवळजवळ बंद होते. एक लेथ विकायला काढला होता, तो घ्यायला कोणी येत नव्हते. मी कागद पसरला, चार कोपऱ्यांवर वजने ठेवली. पहिल्या मिनिटात मला दिसले की कुपनाला एवढी बारीक भोके कोणी मागत नाही. दुसऱ्या मिनिटात उभ्या आणि आडव्या रांगांमधली जागा दिसली, लांबी आणि रुंदी, आणि त्या मापाचा कागद मी आयुष्यात कुठे पाहिला आहे ते कळायला तिसरे मिनिट लागले नाही. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मोहितची फाइल होती, शांताताई नावाच्या कोणा बाईंचा वारसाहक्काचा अर्ज, त्यावर कोर्ट फीची तिकिटे ओळीने लावलेली. समरजीत आत पाणी प्यायला गेला होता, उषा त्याला जेवलास का, बारीक झालास का, असे विचारत होती. मी भिंग घेतले, कर्कटकाची टोके दहा भोकांवर टेकवली, पट्टीवर मोजले, भागले. पुन्हा वीस भोकांवर मोजले, भागले. दीड नव्हते. एक पॉइंट चौपन्न. प्रत्येक भोकाला चार शतांश मिलिमीटरची तफावत. नजरेला काहीच नाही, पण तीस पिनांच्या रांगेत ती वाढत वाढत शेवटी मिलिमीटरच्या वर जाते आणि कोपऱ्यात दोन रांगा एकमेकींना भेटत नाहीत. तिथे तिकीट फाटलेले दिसले असते. पहिल्याच कारकुनाने नखाने दाबून विचारले असते, हे काय आहे. ती चूक तशीच राहिली असती तर हे तिकीट कोर्टाच्या खिडकीपलीकडे गेले नसते. मी ती चूक दुरुस्त केली.

का केली, याचा मी गेले दोन दिवस विचार करतो आहे, आणि दर वेळी वेगळे उत्तर पुढे येते. एक उत्तर असे, की चुकीचा आकडा डोळ्यांसमोर असताना माझा हात थांबत नाही. आमंत्रणपत्रिकेतली तारीखसुद्धा मी दुरुस्त करतो. दुसरे उत्तर समरजीतच्या न विकल्या जाणाऱ्या लेथचे. पण रात्री अंगावरचे पांघरूण सारखे करताना जे उत्तर येते ते या दोन्हींहून लहान आहे. किती तरी वर्षांत माझ्यापुढे विचार करावा लागेल असे माप आले नव्हते. गेटच्या बिजागऱ्या, पाण्याच्या टाकीचे स्टँड, कूलरच्या जाळ्या. त्या दुपारी भिंगाखाली ती भोके मोठी झाली, कर्कटकाचे टोक नेमके कडेवर बसले, भागाकार शेवटपर्यंत गेला, आणि मला बरे वाटले. ते बरे वाटणे मला नाकारता येत नाही. मी पेन्सिलीने आकडा लिहिला. मग पेन उघडले, 'तपासले' या शब्दापुढे नेले, आणि ते टेकवले नाही. समरजीत मिशी पुसत बाहेर आला. "झालं नाना?" "माप बदललं आहे ते बघ. सही नंतर करतो. आधी एक ट्रायल घे." त्याने आकडा पाहिला, मान डोलावली, का म्हणून विचारले नाही. त्याने मला कधीच का म्हणून विचारलेले नाही. ट्रायल झाली, यंत्र गेले, कागद परत आला नाही, आणि मीही मागवला नाही.

म्हणून मोहितला जो चौकोन दाखवताना हायसे वाटले, तोच चौकोन मला पाहवत नव्हता. सही असती, तर मी म्हणू शकलो असतो की म्हाताऱ्याने सवयीने आकडा जुळवला, सवयीने सही केली, काय बनते आहे ते त्याच्या डोक्यातही आले नाही. मोहितने ते कोर्टात मांडलेही असते. पण त्या एका कागदावर माझा हात थांबला. नुसत्या संशयाने माणूस बोलतो, विचारतो, कागद परत करतो. मी यातले काही केले नाही. मी फक्त माझे नाव बाजूला काढून घेतले. म्हणजे मला पुरते कळले होते, आणि कळले होते म्हणूनच मी ते काढून घेतले. 'तसं मानायला कारण असताना' असे मोहित म्हणाला. कारण मी स्वतः दोनदा मोजले होते.

समरजीतच्या वडिलांचा हातही या दोन दिवसांत पुष्कळदा डोळ्यांसमोर आला. मी मिलमध्ये ड्राफ्ट्समन होतो तेव्हा ते फिटर होते. शहाऐंशी साली एका दातेरी चाकावरच्या झाकणाच्या रेखाचित्रात मी फटीचे माप चुकीचे तपासले, सही केली, आणि त्या फटीत त्यांची दोन बोटे गेली. मी त्याच दिवशी तो कागद घेऊन मॅनेजरच्या खोलीत गेलो आणि चूक माझी आहे असे सांगितले. माझी एक वेतनवाढ गेली. तो प्रसंग मला पुढची चाळीस वर्षे पुरला. मिल बंद पडली, घरात शिलाईचे मशीन आले, उषाने लोकांचे फॉल-पिको केले, आणि मी स्वतःला सांगत राहिलो की मी तो माणूस आहे जो कागद घेऊन खोलीत गेला होता. आता हिशेब केला तर ते सोपे होते. सही तिथे होतीच. नाही म्हणायची जागाच नव्हती.

दुपारी गरिमा आली. समरजीतची बायको. तिने स्कूटर फाटकाबाहेर लावली, ओढणीने तोंड पुसले आणि सोफ्यावर न बसता जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसली, तीच, जिच्यावर समरजीत बसायचा. उषाने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "काही खाल्लंस का सकाळपासून?" "खाल्लं ना काकू. सासूबाई खाऊ घालतात जबरदस्ती, आणि मग स्वतः नाही खात." ती माझ्याकडे वळली. "नाना, तुम्हाला त्रास द्यायला नाही आले. बस एक काम होतं. तुम्ही पोलीस ठाण्याच्या एसआय साहेबांना एक कागद लिहून द्या ना, की हा माणूस कसा आहे म्हणून. लहानपणापासून बघताय. टाइप केलेलं कोणी वाचत नाही, तुमच्या हातचं असलं की वाचतील. एकदम छापल्यासारखं असतं तुमचं."

"देतो," मी म्हणालो.

"काल भेटू दिलं पाच मिनिटं. दाढी वाढलीये. म्हणतात कसे, गर्दी खूप आहे इथे, पण चहा आपल्यापेक्षा चांगला आहे." ती हसायला लागली आणि अर्ध्यात थांबली. "आणि म्हणाले, नानांचं नाव कुठे घेऊ नकोस. त्यांनी सही पण नव्हती केली, मग त्यांना कशाला ओढायचं. मी म्हटलं, अहो, पण दुरुस्ती तर नानांकडूनच आणता ना तुम्ही नेहमी. तर म्हणाले, चूप. ती मीच केली आहे." तांब्यावरचा पेला उचलून तिने पाणी ओतले, प्यायली नाही. "त्यांना वाटतं, दुरुस्ती केली म्हणजे चांगलंच केलं. माप नीट केलं, यात काय गुन्हा. मोहितदादांनी समजावलं तेव्हा कुठे मला कळलं, सगळं त्याच्यावरूनच चाललंय. त्यांना मी अजून नाही सांगितलं हे."

ती माझ्याकडे पाहत नव्हती. टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या कापडावरची द्राक्षे ती बोटाने एकेक करून दाबत होती. मला वाटले, ही आता विचारेल. तिने विचारावे असेही वाटले. विचारले असते तर मी उत्तर दिले असते, आणि ते उत्तर तिने काढून घेतलेले असते. पण ती उठली, उषाच्या पाया पडली, माझ्याही. वाकताना तिच्या केसांना वर्कशॉपच्या ऑइलचा वास आला. बहुधा सकाळी कुलपे लावायला गेली असेल. "कागद संध्याकाळी मोहितदादांकडे देऊन ठेवा," ती म्हणाली. "मी जयेंद्रगंजातून घेऊन जाईन."

मी कागद लिहायला बसलो. 'मी, सूर्याजी भोईटे, वय बहात्तर, समरजीत यांस पंचवीस वर्षांपासून ओळखतो.' तिथे थांबलो. अक्षर खरोखरच छापल्यासारखे होते. 'ते प्रामाणिक आहेत' असे लिहिले, आणि त्या तीन शब्दांना कोणाचाच आवाज नव्हता.

संध्याकाळी मोहित आला तेव्हा मी अंगणात मोगऱ्याच्या कुंड्यांना पाणी घालत होतो. त्याने काळा कोट हातावर घेतला होता. "उद्या अकराला एसआय घरी येतील. साठीच्या वरच्या माणसाला ते ठाण्यात बोलावू शकत नाहीत. मी बसेन शेजारी. दोन वाक्यं. ड्रॉइंग तपासायला आलं होतं का? नक्की आठवत नाही. सही आहे का? नाही. संपलं." मी पाणी घालत राहिलो. एका कुंडीतून ते खालून वाहू लागले. "मोहित, ती दुरुस्ती..." "नाना." तो इतक्या हळू बोलला की मला पाण्याची धार बंद करावी लागली. "मी तुम्हाला काही विचारलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. एकदा मला कळलं की मला वेगळं वागावं लागेल." तो माझ्यापेक्षा उंच आहे, पण त्या वेळी वाटला नाही. त्याला कळले होते. सकाळी चित्र दाखवण्याच्याही आधी कळले असेल. घरात भिंग कोण वापरते ते त्याला माहीत आहे, आणि ती फाइल त्याची होती. "त्या शांताताईंच्या अर्जाचं काय झालं?" मी विचारले. "आता सगळ्यांचीच तिकिटं तपासतायत. त्यांची खरी आहेत. पण माझ्या आणखी दोघांची खोटी निघाली, अर्ज परत आले. एकाची मुदत उलटून गेली होती." तो आत गेला. आतून त्याचा आणि उषाचा आवाज आला, भाजीत मीठ कमी आहे की नाही यावरून.

दुसऱ्या दिवशी मी साडेनऊला घरातून निघालो. उषाला सांगितले, बँकेत जातो. घरी अकरा वाजता काय झाले असते ते मला दिसत होते: उषाने एसआयसाठी काचेचे ग्लास काढले असते, मोहित शेजारी बसला असता, आणि त्या खोलीत, त्या दोघांसमोर, मी पुन्हा एकदा खरे बोललो असतो. नाही, सही नाही. ई-रिक्षात माझ्याशेजारी एक बाई मांडीवर कोथिंबिरीची जुडी घेऊन बसल्या होत्या. रस्ताभर मी फक्त थकलो होतो. धैर्य वगैरे काही जाणवले नाही. झोपेतून उठून खिडकी लावायला जावे, कारण ती आपटते आहे, तसे मी जात होतो.

ठाण्यातल्या एसआयचे नाव दिग्विजयसिंह. चाळिशीचा, गळ्याला मफलर, टेबलावर अर्धवट सोललेली संत्री. तो उठून उभा राहिला. "अरे बाबूजी, आप क्यों आ गए? हम आ ही रहे थे आपके यहाँ।" मी म्हणालो की घरी नको होते. त्याने खुर्ची पुढे केली, कोणाला तरी चहा सांगितला. मी एका दमात सांगितले: वह पेन्सिल का आँकड़ा मेरा है, समरजीत का नहीं। तो संत्र्याची फोड तोंडात टाकता टाकता थांबला, आणि मग हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हते. "समझ गया। चेला अंदर है, तो गुरुजी आ गए। हमारे गाँव में भी थे एक मास्टर साहब, लड़कों की मार ख़ुद खा लेते थे।"

"मैं सच कह रहा हूँ।"

"लड़के ने ख़ुद माना है। एक्सपर्ट ने भी कह दिया। अब आप कह रहे हैं, नहीं।" त्याने एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "लिखिए, एक से नौ।" मी लिहिले. त्याने फाइलमधून समरजीतने लिहून दिलेला नमुना काढला, माझ्या कागदाशेजारी ठेवला, दोन्ही फिरवून माझ्याकडे केले. मग त्यांच्या जागा बदलल्या, पत्ते पिसावेत तशा. "अब आप ही बताइए, आपका कौन सा है?" मी पाहिले. चार सरळ, सात सरळ. क्षणभर मला खरोखरच सांगता येईना. मला वाटले होते की सांगणे हेच अवघड आहे. सांगितल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही हे माझ्या कोणत्याच हिशेबात नव्हते. आणि तेव्हाच, खाली कुठेतरी, एक ओळखीचे बरे वाटणे हलले. आता उठावे. आपण आलो होतो. आपण सांगितले होते. त्यांनीच ऐकले नाही. चहा पिऊन घरी जावे, उषाला सांगावे, बँकेत रांग होती.

"उसकी बाक़ी फाइलें भी तो लाए हैं आप," मी म्हणालो. "ज़रा मँगवाइए।"

शिपायाने दोन बाडे आणून टेबलावर टाकली, तेव्हा धूळ आणि ऑइलचा वास पसरला. मी दिग्विजयसिंहाला उजवीकडचा खालचा कोपरा दाखवला आणि म्हणालो, ये देखते जाइए. त्याने कंटाळून सुरुवात केली. गेटचे रेखाचित्र, सही. टाकीचे स्टँड, सही. पिठाच्या गिरणीचा दांडा, सही. कूलरची जाळी, सही. तिच्यावर तर मी वेळही घातली होती. तो पाने उलटत गेला, आधी अंगठ्याने भराभर, मग सावकाश. त्याने संत्र्याच्या साली बाजूला केल्या. दुसरे बाड उघडले. सोळा वर्षे त्याच्या हाताखालून गेली. दोन-चार ठिकाणी कागदाला वाळवी लागली होती, पण कोपरे शाबूत होते. चहा आला, त्यावर साय धरली. शेवटचा कागद उलटल्यावर त्याने फाइलमधले ते एक रेखाचित्र काढले आणि सगळ्यांच्या वर ठेवले.

"हर एक पे है," तो म्हणाला. "इसी पे नहीं है।"

"हाँ।"

"क्यों?"

"मुझे पता था कि क्या बन रहा है।"

त्याने दाराकडे पाहिले. शिपाई बाहेर गेला होता. मफलर सैल केला. "बाबूजी, ये मैंने नहीं सुना। मेरी अम्मा की उमर के हैं आप। दोबारा बोलेंगे तो लिखना पड़ेगा। फिर आप गवाह नहीं रहेंगे, समझ रहे हैं? और वो लड़का भी आज के आज नहीं छूट जाएगा।"

"मालूम है," मी म्हणालो, आणि पुन्हा सांगितले. या वेळी पहिल्यापासून, क्रमाने: अडीच वाजता आला, भिंग, दहा भोके, मग वीस, भागाकार, पेन्सिल. मराठीत विचार करून हिंदीत सांगताना मधे शब्द अडत होते, तो थांबून वाट पाहत होता. त्याने नवा कागद घेतला होता. मोजमापाच्या ठिकाणी तो म्हणाला, "धीरे," आणि मी सावकाश सांगितले. 'आपने लड़के को बताया क्यों नहीं', असे त्याने एकदा विचारले. मी म्हणालो, तो मला का म्हणून विचारत नाही. हेही त्याने लिहिले.

मग त्याने टेबलावरचा फोन माझ्याकडे ढकलला. "घर में किसी को बुला लीजिए।" मी मोहितचा नंबर लावला. मागे जयेंद्रगंजातल्या गाड्यांचा आवाज होता. मी कुठे आहे ते सांगितले. तो वकिलाच्या आवाजात म्हणाला, "तिथेच बसा. आणखी एक अक्षर बोलू नका."

"बोलून झालं आहे."

"पोलिसांसमोर बोललेलं कोर्टात धरत नाहीत, नाना. अजून काही बिघडलेलं नाही."

"मग मॅजिस्ट्रेटसमोर बोलेन. तू गरिमाला फोन कर, समरजीतच्या वकिलाला हे आधी कळू दे. माझं नंतर बघू."

गाड्यांचा आवाज कमी झाला. बहुधा तो जिन्यात आला होता. त्याच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता, चढून आल्यासारखा. दिग्विजयसिंह लिहिलेला कागद वाचत होता, बोटाने ओळ धरून.

"सकाळची गोळी घेतलीत?" मोहितने विचारले.

"नाही. राहिली."

"आणतो," तो म्हणाला. "आईला काय सांगू?"

मी त्याला सांगितले की तिला खरे सांग, पण आधी जेवू दे. मग फोन ठेवला. दिग्विजयसिंहाने मला दुसऱ्या खोलीतल्या बाकावर बसायला सांगितले. तिथे आधीच एक माणूस गुडघ्यांत डोके घालून बसला होता. तो थोडा सरकला, आणि मी त्याच्या शेजारी बसलो.